माज़ूर कोण?

उर्दूत अपंग माणसाला ‘माज़ूर’ म्हणतात. शब्द ‘उज़्र’वरून आला आहे. उज़्र म्हणजे सबब, अडचण. ज्याची सबब मान्य झाली तो माज़ूर. शब्दामागे दया आहे, यात शंका नाही. पण ज्याला सूट दिली त्याची कुणी वाट पाहत नाही. तो आला नाही तर ‘बिचारा माज़ूर आहे’ एवढ्यावर भागते.

आमच्या नववीच्या मुलांना मी गटप्रकल्पासाठी विषय दिला : शहर बस आणि माज़ूर प्रवासी. बी.एड.ला असताना किलपॅट्रिकची 1918 सालची प्रकल्प पद्धती आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. ती वर्गात उतरवायला पिंपरी-चिंचवडची उर्दू शाळा मिळाली. येथील मुलांचे वडील कुणी भंगारात, कुणी वेल्डिंगवर, कुणी चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये. देशभर धावणाऱ्या गाड्या या पट्ट्यात बनतात, हे मुलांना सांगावे लागत नाही.

चारही गटांचे पहिले कच्चे लिखाण जवळजवळ एकच होते. ‘हमें माज़ूरों की मदद करनी चाहिए’, एखादा शेर, आणि व्हीलचेअर चढवणाऱ्या परदेशी बसचे चित्र. मी मदत हा शब्द आठवडाभर बंद केला आणि प्रत्येक गटाला शिंप्याकडची मोजपट्टी दिली. माणूस कुठे अडतो, किती सेंटिमीटरला अडतो, आणि ते बदलणे कुणाच्या हातात आहे, एवढेच लिहून आणायचे.

मग गंमत सुरू झाली. शहरी बसच्या केंद्रीय मानकांत फरशीच्या उंचीचे तीन प्रकार आहेत : 400, 650 आणि 900 मिलिमीटर. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे 1 सेंटिमीटर चढायला 12 सेंटिमीटर लांबी. गणितात कच्चा म्हणून मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा उभा राहिला. 90 गुणिले 12, एक हजार ऐंशी. ‘टीचर, ये तो पूरी बस जितना लंबा हो गया!’ खरेच, 12 मीटरच्या बसला 10.8 मीटरचा उतार. वर्ग हसला. हसून झाल्यावर त्यानेच पुढचे गणित केले. फरशी 40 सेंटिमीटरवर आणि थांब्याचा पदपथ 15 सेंटिमीटर उंच असेल तर उरतात 25. उतार 3 मीटर. बस थांब्याच्या बाजूला झुकणारी असेल तर त्याहून कमी. तेव्हा माणूस तोच, त्याचे पाय तेच, आणि त्याचे ‘माज़ूर’ असणे मात्र बसगणिक बदलते.

बीआरटीचा अर्थही मुलांना येथेच कळला. पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन 2007 मध्ये पीएमपीएमएल झाली. सांगवी-किवळे आणि नाशिक फाटा-वाकड हे मार्ग 2015 मध्ये सुरू झाले. तेथे फलाट बसच्या फरशीला समांतर असतो, म्हणून उतार लागतच नाही. फक्त बस फलाटाला चिकटून उभी राहायला हवी. वीतभर फट राहिली तरी चाकाची खुर्ची अडकते. म्हणजे इथे ड्रायव्हरचा हात हाही सोयीचाच भाग. आणि मोशी ओलांडून चाकणकडे निघालात की महामार्गावर असा फलाटच नाही. मेट्रोत लिफ्ट आहे, अंधांसाठी उठावाच्या फरशा आहेत. त्या फरशा सेइइची मियाके या जपानी माणसाने 1965 मध्ये शोधल्या, हे एका मुलीने शोधून आणले. पण घरापासून मेट्रोच्या लिफ्टपर्यंतचा रस्ता कुणाचा, या प्रश्नावर दोन गट भांडले. ते भांडण मी मिटवले नाही.

कायदाही वाचला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला; अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले, की सुगम्यतेची मानके नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करा. ‘यानी मेहरबानी नहीं’, एक मुलगी म्हणाली.

ही मुलगी एरवी गप्प असे. तिच्या अब्बांची उजव्या हाताची चार बोटे पॉवर प्रेसखाली गेली आहेत. पत्रा हाताने आत सरकवायचा, पायाने पॅडल मारायचे. प्रेस एकदा जास्त खाली आला. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील अशा जखमींवर अहवाल काढते, त्याचे नावच ‘क्रश्ड’ आहे. गटाने तिला म्हटले, तुझ्या अब्बांची मुलाखत घेऊ. ती नाही म्हणाली. घरी बापाला कुणी माज़ूर म्हणत नाही, मग वर्गाने का म्हणावे? मला तिचे पटले. मी गटाला दुसरा प्रवासी शोधायला सांगितले.

चार दिवसांनी तीच वहीत टिपणे घेऊन आली. अब्बांना स्वतःच विचारले होते. प्रमाणपत्र त्यांनी काढलेले नाही. नाव कागदावर चढले की काम सुटेल, ही भीती. आता ते रखवालदारीला जातात. राखीव आसनाशी उभे राहिले तर लोक पाय बघतात, पाय धडधाकट आहेत. डाव्या हाताने दांडा धरला तर तिकिटाचे पैसे काढायला हात नाही. उजव्या हाताने धरावे तर अंगठा आणि तळवा यांत जाड दांडा ठरत नाही, गाडी वळली की सुटतो. छताला टांगलेली पट्टी बरी, मनगट अडकवता येते.

उताराच्या गणितात रमलेल्या वर्गाला हे सुचलेच नव्हते. मुलांनी पुन्हा मोजपट्ट्या काढल्या आणि या वेळी दांड्यांचे घेर मोजले.

सादरीकरण उर्दूत झाले, पण अर्ज मराठीतच जायला हवा. मुले शब्द विचारत होती. ‘गिरफ़्त को मराठी में क्या बोलते, टीचर?’ मी म्हटले, पकड. त्या मुलीने अर्जात ‘अब्बा’ खोडून ‘एक कामगार प्रवासी’ असे लिहिले. घरून निरोप आला होता, ‘मेरा नाम मत लिखना, डंडे की मोटाई ज़रूर लिखना.’