बैठकीच्या खोलीचा जमखाना

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. परंतु अंथरूणच नवे घ्यावयाचे असेल तर प्रथम काय पाहावे, याविषयी ही म्हण मौन पाळते. गेल्या वर्षी आमच्या घरी नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्या निमित्ताने मला जे शिकावयास मिळाले, ते येथे सांगत आहे.

बेळगावातील आमच्या घराची बैठकीची खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. जमीन शहाबादी फरशीची; पावसाळ्यात तिच्यावर उघड्या पायांनी उभे राहवत नाही. आजोबांनी घेतलेला एक जमखाना तेथे नेहमी अंथरलेला असे. पाहुणे, अभ्यास, गणपतीची आरती, सारे त्याच्यावरच. आईने त्याच्या कडांना दोन वेळा नवी पट्टी शिवली. पण अखेरीस दाराकडील भाग विरला, ताणा उघडा पडला आणि त्यात आजीचा पाय अडकू लागला. म्हातारपणी एकदा पडणे म्हणजे काय, हे सर्वांनाच ठाऊक आहे. तेव्हा नवे काही घेणे भाग होते. त्याच महिन्यात दादाची महाविद्यालयाची फी भरावयाची होती, त्यामुळे बाबांनी खर्चाची मर्यादा फार काटेकोर आखून दिली.

खडेबाजारात हिंडताना यंत्रावर विणलेले मऊ, फुलाफुलांचे गालिचे दिसले. संपूर्ण खोली झाकील एवढा गालिचा आमच्या रकमेत बसत होता. त्याच मापाचा हातमागावरील सुती जमखाना मात्र आमच्या आवाक्याबाहेरचा होता. काथ्याची चटई स्वस्त खरी, पण बसावयास खरखरीत. माझे मन अर्थातच गालिच्यावर जडले.

दुकानदार सज्जन होता. त्याने दोन्ही वस्तूंचे गुणदोष मोकळेपणाने सांगितले. गालिच्यावर धाग्यांची लव उभी असते. जमखान्याला लव नसते. त्यात बाणा पंजाने घट्ट ठोकलेला असल्यामुळे ताणा झाकून जातो आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. एक बाजू मळली वा झिजली की उलटून दुसरी वापरता येते. स्वस्त गालिचे बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचे असतात. या धाग्याचा रंग पक्का असतो व तो पाणी शोषीत नाही, हे त्याचे मोठे गुण. परंतु वजनाखाली त्याची लव चेपते आणि लोकरीसारखी पुन्हा उभी राहत नाही. शिवाय लवेत धूळ खोल जाऊन बसते. आजीला दम्याचा त्रास आहे. ही गोष्ट ऐकताच आईने गालिच्यावरचा हात काढून घेतला.

मग दुकानदाराने धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचा एक जमखाना उलगडला. तेथील स्त्रिया उभ्या मागावर हे जमखाने विणतात. त्यांवर मोर आणि सोंगट्यांच्या पटाची नक्षी असते. या कलेला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एकेका जमखान्यामागे कित्येक दिवसांचे कष्ट असतात, हे कळल्यावर त्याची किंमत मला अवाजवी वाटेनाशी झाली. पण किंमत वाजवी असली म्हणून खिशात पैसे थोडेच येतात?

घरी परतल्यावर बाबांनी वहीत हिशेब मांडून दाखविला. समजा, २००० रुपयांची वस्तू चार वर्षे टिकली, तर वर्षाला ५०० रुपये पडले. ४५०० रुपयांची वस्तू पंधरा वर्षे टिकली, तर वर्षाला ३०० च पडले. मग स्वस्त कोणती? हिशेब बिनतोड होता. तरीही एकरकमी पैसे कोठून आणावयाचे, हा पेच त्याने सुटेना.

तो पेच आईने सोडविला. तिने खडूने फरशीवर ९ फूट लांब व ६ फूट रुंद चौकोन आखला आणि आम्हां सहाही जणांना त्यात बसविले. आम्ही ऐसपैस बसलो, तरी निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहिली. “आपल्याला माणसे बसवायची आहेत, फरशी झाकायची नाही,” ती म्हणाली. संपूर्ण खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट; या चौकोनाचे अवघे ५४. एका माणसाला बसावयास चार चौरस फूट धरले, तरी तेरा माणसे सहज मावतात. म्हणजे निम्म्याहून कमी मापात आमचे काम भागत होते, आणि त्या मापाचा सुती जमखाना बाबांच्या मर्यादेत बसत होता.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. घेण्यापूर्वी आजीने ओल्या पांढऱ्या रुमालाने त्याचा कोपरा चोळून रंग उतरत नाही ना, हे पाहिले. सूत ओल धरते, म्हणून पावसाळ्यात आम्ही त्याच्याखाली चटई घालतो आणि उघडीप मिळाली की अंगणात झटकून ऊन दाखवितो. जुन्या जमखान्याचा मधला भाग अजून धड होता. आईने त्याची चार आसने शिवली. दादाची फीही वेळेवर भरली गेली.

विद्यार्थिमित्रहो, बाजारात गेल्यावर आपण प्रथम “केवढ्याला?” असे विचारतो. त्याआधी “केवढे हवे?” आणि नंतर “किती दिवस टिकेल?” हे दोन प्रश्न विचारले, तर बेताच्या पैशांतही चांगली वस्तू घरी आणता येते. आजी आता त्या जमखान्यावर निर्धास्तपणे चालते, आणि आम्हांला तेवढे पुरेसे आहे.