राखण कुणाची?

माझा आजा येसकर होता. रातच्याला वेशीत बसायचा. हातात घुंगराची काठी, खांद्यावर फाटकं घोंगडं. गाव झोपायचं ते त्याच्या जागरणावर. चोरी झाली की पहिला मार मात्र त्यालाच. "राखणीला तू होतास, तूच सांग चोर कोन." गावाची राखण तो करायचा. त्याची राखण करणारं गावात कुणी नव्हतं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते हीच गुलामी मोडायला. कायद्यानं वतन खालसा व्हायला १९५८ साल उजाडलं. आजाची काठी माळ्यावर गेली. वाटलं, संपलं.

मित्रांनो, संपलं नव्हतं. पन्नास वर्षांनी तसलीच काठी माझ्या हातात आली, आणि मी ती हसत घेतली.

२००७ साली सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली. भांडणं गावातच मिटवा, तंटे कमी करा, बक्षीस मिळवा. आमच्या गावातही समिती झाली. 'वस्तीतला एक पाहिजे' म्हणून मला घेतलं. मी पदवीधर, बेकार. सरपंच मला 'अहो' म्हणाला. ग्राम सुरक्षा दलाची शिट्टी आणि काठी मिळाली. रात्री गस्त घालताना छाती फुगायची. माय म्हणाली, "तुजा आजा बी असाच हिंडायचा." मला तिचा राग आला.

२००९ च्या उन्हाळ्यात चुलतभावाची वरात निघाली. देवळापुढं बँड बंद करा म्हणाले. पोरांनी केला नाही. दगड आले. जातीवरनं शिव्या आल्या. नवरदेवाच्या कपाळाला चार टाके पडले. दगड मारणाऱ्यांत दोघं माझ्याबरोबर गस्त घालणारे होते.

ठाण्यात गेलो. जमादार म्हणाला, "गावात समिती हाय नव्हं? तिथं मिटवा. गावाचं बक्षीस कशाला घालवता?" रात्री चावडीत बैठक बसली. कागद तयारच होता. 'गैरसमजातून बाचाबाची झाली. आमची तक्रार नाही.' सगळे माझ्याकडं बघत होते. सरपंच म्हणाला, "अहो, तुम्ही तर शिकलेले." त्या एका 'अहो'ला मी विकला गेलो. सही केली.

घरी आलो तर चुलती उंबऱ्यात बसलेली. एवढंच म्हणाली, "तुजा आजा अडाणी व्हता रं. त्येनं अंगठा दिला आसता. तू सही केलीस."

त्या रात्री विहाराच्या कपाटातलं कायद्याचं पुस्तक आणून वाचलं. समितीत बसण्याआधीच वाचायला हवं होतं. ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा, १९९५ चे नियम. हा गुन्हा चावडीत मिटवायचा नाही. फिर्याद तोंडी दिली तरी ठाण्यानं लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, प्रत फुकट द्यायची. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकाला टपालानं लिहून पाठवायची. तपास उपअधीक्षकाच्या खालच्यानं करायचा नाही. पुढं २०१५ च्या दुरुस्तीनं ठाण्याची ही कामं कायद्याच्या कलम ४ मध्येच घातली. जाणूनबुजून टाळणाऱ्याला त्यात शिक्षा आहे.

सकाळी शिट्टी आणि काठी चावडीत ठेवून आलो. भावाला घेऊन ठाणं गाठलं. "तुमचीच सही हाय की," म्हणून हाकललं. अधीक्षकांना रजिस्टर टपाल केलं. आठव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला. पुढं साक्षीदार फुटले, आरोपी सुटले. वस्तीला वर्षभर गावात मजुरी मिळाली नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतली वरात त्याच देवळापुढनं वाजत गेली, आणि बंदोबस्ताला दोन शिपाई उभे होते.

मग लोकांच्या आणि पोलिसांच्या समित्या सगळ्या खोट्याच का? नाही. भिवंडी १९८४ साली दंगलीत जळाली होती. तिथं १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांना नाही, साध्या माणसांना घेतलं. हिंदू-मुसलमान पोलिसांसमोर एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. फरक एवढाच की तिथं माणसं वाचवायला समिती होती. आमच्याकडं ती बक्षीस वाचवायला होती.

तेव्हा दोस्तहो, चौदा एप्रिल आली की ठाण्यात शांतता समितीचा चहा होतो. बोलावणं आलं तर जा. एकटे जाऊ नका, बाया घेऊन जा. दगड कुणी मारले, कुणाची फिर्याद घेतली नाही, ते तारीखवार वहीत लिहून न्या. आमच्या वस्तीची गस्त कोण घालणार, हे विचारा. आणि कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याला टाके पडलेत त्याच्यासमोर वाचा.

मी वाचला नव्हता.

जय भीम.