घर पाहावे शोधून

प्रवासलेख लिहायचा तर त्यात हिमालय असावा, निदान कोकणचा समुद्र तरी असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी यंदा जो प्रवास केला त्यात यातले काहीच नव्हते. रविवारी सकाळी पुण्यातून निघायचे, वीस-पंचवीस किलोमीटरवर एखाद्या फाटकापाशी उतरायचे, आत जाऊन तासभर बसायचे आणि दिवे लागायच्या सुमारास परतायचे, एवढाच तो प्रवास. आत्यासाठी मी एक जागा शोधत होते.

आत्या वाईची. वय वर्षे चौऱ्याऐंशी. तिने लग्न केले नाही. प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकवण्यात तिचे उभे आयुष्य गेले. गणपती आळीतल्या घरात ती एकटी राहत असे आणि ‘एकटी’ हा शब्द कोणी उच्चारला की रागावत असे. गेल्या मार्गशीर्षात ती मागीलदारी पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन ती आमच्या घरी आली. पण आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याचे. मी आणि माझे यजमान दोघेही दहाच्या आत बाहेर पडणारे. दिवसाला ठेवलेल्या बाया दोन महिन्यांत दोन सोडून गेल्या. वॉकर धरून आत्या चार पावले टाकी. पण उठवायला-बसवायला माणूस लागे, आणि रात्री जाग आली की आपण कोणाच्या घरी आहोत हे तिला काही केल्या आठवत नसे. एके दिवशी तीच म्हणाली, “अगं, तू सुट्ट्या काढून किती दिवस मला उचलणार? एखादी बरी जागा बघ.”

जागा बघायची म्हणजे काय बघायचे? पहिली अडचण शब्दांचीच. विलायतेत ‘नर्सिंग होम’ म्हटले की म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेची जागा डोळ्यांपुढे येते. आपल्या गावात त्याच पाटीखाली बाळंतिणी असतात आणि बाहेर पेढे वाटले जातात! ‘वृद्धाश्रम’ शब्द तर आणखी फसवा. आपल्या जुन्या व्यवस्थेत वानप्रस्थाश्रम होता, पण त्यात माणूस आपल्या पायांनी जात असे. वृद्धाश्रमात त्याला नेले जाते. दोन्हीकडे ‘आश्रम’ आहे. क्रियापद मात्र बदलले आहे.

पहिल्या रविवारी आम्ही पौडच्या रस्त्याने गेलो. भूगाव, पिरंगुट मागे पडले आणि डोंगर जवळ आले. जागा पाहून मन हरखले. बोगनवेलीचे मांडव, गणपतीचे छोटे देऊळ, वाचनालयात जुने दिवाळी अंक. व्यवस्थापक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला आणि विचारले, “आजी स्वतःचं स्वतः करतात ना?” नाही म्हटल्यावर त्यांनी नियमांचा कागद पुढे केला. स्वतः चालणाऱ्या, स्वतः आंघोळ करणाऱ्यांनाच तिथे प्रवेश. पुढे कोणी अंथरुणाला खिळले तर नातेवाइकांनी घेऊन जायचे. यात त्यांचा दोष नव्हता. बहुतेक वृद्धाश्रमांची रीत हीच आहे. हिंडत्या-फिरत्या म्हातारपणासाठी वृद्धाश्रम आणि परावलंबी म्हातारपणासाठी शुश्रूषा केंद्र, हा भेद शोधाला निघणाऱ्याने आधी समजून घ्यावा. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारावा, म्हणजे एक रविवार वाचतो.

दुसऱ्या रविवारी खडकवासल्याच्या बाजूला गेलो. हे शुश्रूषा केंद्र होते. बावीस खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी, महिना बत्तीस हजार आणि वर अनामत. खिडकीतून सिंहगड दिसत होता. मी खिडकीशी उभी राहून तो पाहिला आणि मग वळून खोलीकडे पाहिले. एकाही खाटेचे तोंड खिडकीकडे नव्हते. दुपारचे चार वाजले होते, तरी सगळ्या खाटांचे कठडे वर केलेले. दोन कठड्यांना कापडी पट्ट्या लोंबत होत्या. कशासाठी, हे विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, “रात्री उठतात ना, पडतील.” रात्री माणसे किती? दोन. बावीस जणांना दोन! एका आजींनी मला तीनदा वेळ विचारली. तिसऱ्यांदा सांगत असताना सिस्टर मागून म्हणाल्या, “सात नंबर, गप पडा.” निसर्गरम्य परिसर हा भेटीला येणाऱ्यांसाठी असतो, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

तिसरी खेप आळंदीची. इंद्रायणीच्या अलीकडे एका मोठ्या दालनात चौदा खाटा, भिंतीवर माउलींची तसबीर, बुक्क्याचा वास, संध्याकाळी हरिपाठ. ज्याला जे झेपेल ते त्याने द्यावे. व्यवस्था साधी होती, पण माणसे समाधानी दिसली. त्याचे कारण एका आजोबांनी सांगितले: “मुलगा वारकरी आहे. महिन्याच्या वारीला येतो तो मला भेटूनच जातो.” आपला माणूस जिथे ठेवायचा तिथे आपले जाणे-येणे आपोआप घडेल अशी जागा असावी, हे त्या आजोबांकडून मी शिकले. पण आत्याला उठता-बसता दोन माणसांचा आधार हवा आणि तिथे रात्री एकच सेवेकरी. शिवाय आत्याचा स्वभाव हरिपाठापेक्षा वर्तमानपत्रावर वाद घालण्याचा.

म्हाताऱ्या माणसांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. काशीवासाला जाणारी म्हातारी माणसे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली. पुण्यात नवी पेठेतला ‘निवारा’ डेव्हिड ससूनच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला. फ्रान्समध्ये १८३९ च्या हिवाळ्यात झान झ्युगां नावाच्या एका गरीब बाईने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातून जो जोगिणींचा संघ निघाला तो १८८२ मध्ये कलकत्त्याला येऊन पोचला. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे भारतात सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या व ज्येष्ठांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकार काढू ‘शकते’, असेही त्यात आहे. हे ‘शकते’ व्याकरणात लहान दिसते, व्यवहारात फार मोठे आहे.

त्याच कायद्यात मूलबाळ नसलेल्या वृद्धांविषयी एक कलम आहे. ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याच्याकडे ती वारशाने जाणार आहे, त्याच्यावर हा भार येतो. आत्याचे घर तिने माझ्या नावे लिहून ठेवले आहे. म्हणजे स्वस्त जागा निवडली तर वाचलेला पैसा अखेर माझ्याच पदरात पडायचा. हा हिशेब माझ्या मनात नव्हता; पण तो कागदावर होता, आणि कागदावर असलेला हिशेब बोलून टाकलेला बरा. मी आत्याशी बोलले. ती शांतपणे म्हणाली, “घर भाड्यानं दे. मधली खोली माझी राहू दे. भाडं आणि पेन्शन मिळून जेवढं होईल तेवढ्याची जागा बघ. आणि मला डोंगर नकोत. वाईला जन्मभर डोंगरच पाहिले. मला रस्ता दिसू दे.”

मग तिने मला वही आणायला सांगितली आणि मास्तरणीच्या थाटात प्रश्न लिहून दिले. चहा किती वाजता? वेणी कोण घालणार? माझी ट्रंक नेऊ देतील का? दाराला बाहेरून कडी असते का? कूस बदलायला रात्री कोण येतं? आणि शेवटी अधोरेखित करून: तुला यायला किती वेळ लागेल?

ती वही घेऊन मी चौथी आणि पाचवी जागा पाहिली. चौथीत चहाच्या प्रश्नालाच उत्तर मिळाले नाही. पाचवी जागा गावातच, मंडईपासून जवळ, एका जुन्या बंगलीच्या तळमजल्यावर. भिंतीचा रंग उडालेला. अकरा खाटा. न कळवता, संध्याकाळी साडेसातला, जेवणाच्या वेळी मी गेले. एक मावशी एका आजींना भात भरवत होत्या. घास दिला की त्या थांबत, आजींनी गिळल्याची खूण केली की पुढचा घास घेत. भिंतीवरच्या फळ्यावर कोणाची कूस किती वाजता बदलली ते दर दोन तासांचे लिहिलेले. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होतात त्या यामुळे टळतात. न्हाणीघरात धरायला दांडे होते. एका रिकाम्या खाटेजवळची घंटा मी दाबून पाहिली; मिनिटाच्या आत मावशी हजर! रात्री अकरांमागे तीन बायका. इस्पितळ दहा मिनिटांवर. करारात अनामत परत कधी मिळेल ते स्पष्ट होते, आणि पहिला महिना पाहण्यासाठी होता. माझ्या महाविद्यालयातून तिथे पायी पंधरा मिनिटे.

आत्या चैत्रात तिथे गेली. खाट खिडकीशी मिळाली. भाजीवाल्यांच्या आरोळ्या ऐकून ती भाव सांगते आणि मावशींचे शुद्धलेखन सुधारते. फळ्यावर आता ‘कूस’ दीर्घ लिहिली जाते. सगळे गोड झाले असे मात्र नाही. काही संध्याकाळी ती माझा हात धरून विचारते, “घरी कधी जायचं?” पहिल्यांदा मला उत्तर सुचत नसे. आता मी विचारते, “कुठल्या घरी, आत्या?” कधी ती वाई म्हणते, कधी तिच्या आईचे नाव घेते. मग आम्ही त्या घराविषयी बोलत बसतो. जेवणाची थाळी आली की विषय सुटतो.

परवा तिचे डोके अगदी निवळ होते. “दिवाळीला मला घाटावर ने,” ती म्हणाली. “ढोल्या गणपती गाडीतूनच बघेन.” डॉक्टरांनी दोन दिवसांची परवानगी दिली आहे, आणि एक मावशी बरोबर यायला तयार आहेत. वाईच्या घराचा उंबरा उंच आहे. तिथे वॉकर चढेल अशी फळी ठोकायला मी सुताराला निरोप धाडला आहे.