सहीच्या जागी खूण

रिचर्ड वेस्टफॉल यांचे १९८० सालचे न्यूटनचरित्र मी उघडले ते शास्त्रज्ञासाठी. अडकले मात्र त्याच्या बापापाशी. लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्पचा हा शेतकरी, नाव आयझॅक न्यूटनच. ऑक्टोबर १६४२ मध्ये तो वारला. मुलगा त्याच वर्षी नाताळच्या दिवशी जन्मला. बापाला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. मृत्युपत्रावर सहीच्या जागी खूण आहे.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. निरक्षर म्हटला की दारिद्र्य गृहीतच धरतो. मीही धरले. पण मृत्युपत्राच्या कामी झालेल्या मालमत्तेच्या यादीने मला गप्प केले. २३४ मेंढ्या, ४६ गुरे. एकूण मोल सुमारे ४५९ पौंड. आणि अशा यादीत मालकीची जमीन धरतच नसत. शेजारीपाजारी घर-गोठ्यातून फिरून जंगम चीजवस्तूंचे मोल ठरवीत, एवढेच.

त्या वेळी घरात गरोदर असलेल्या हॅनाविषयी यादी मुकी आहे. विवाहितेला तेव्हा नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे. कागदांना स्त्री दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर. १६४६ मध्ये हॅनाने बार्नबस स्मिथ या धर्मगुरूशी लग्न केले. मुलाच्या नावे जमीन करून घेतली, आणि तीन वर्षांच्या त्या मुलाला आजीपाशी ठेवून ती गेली. जमिनीचा व्यवहार कळतो. निरोप कसा घेतला ते कळत नाही.

या घराची आणखी एक यादी उरली आहे. १६६२ साली एकोणीस वर्षांच्या मुलाने आपली पापे लघुलिपीत लिहून काढली. त्यांत एक असे: आईला आणि सावत्र बापाला घरासकट जाळीन, अशी धमकी दिली.