उकिरड्याची दैना

आमच्या परसात उकिरडा होता, आणि आजीच्या सात-आठ कोंबड्यांचे साम्राज्य तेवढेच. शेण-केर उकरून त्या दिवसभर अळ्या वेचीत. आजी कधी वाळवीचे वारूळ फोडून पिलांपुढे ठेवी. शाळेत स्वच्छतेचे धडे गिरवणाऱ्या आम्हांस त्याची किळस येई. किडे खाणारी कोंबडी आम्ही खाणार नाही, असे एकदा भर पंगतीत जाहीर केले, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "मग ती काय पुरणपोळी खाते होय रे?"

पुढे वडिलांचे हृदय दुखावले, डॉक्टरांनी चरबी वर्ज्य सांगितली. तोवर आमच्याच हट्टाने उकिरडा बुजला होता, कोंबड्या विकल्या होत्या. घरात ब्रॉयलर आली. तिच्या पोटातून निघालेला चरबीचा पिवळा गोळा आजीने तळहातावर धरून आम्हांस दाखवला. बोलली काहीच नाही.

हे आठवले ते अलीकडे कोंबडीखाद्याविषयी वाचताना. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या वाळवून, दळून कोंबड्यांना घालतात. मांसातली चरबी त्याने घटेल का, हेही तपासले जाते. निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. गंमत अशी, की ही अळी स्वतःच चांगली चरबीदार. तिच्यातले लॉरिक आम्ल कोंबडीच्या मांसात उतरू नये म्हणून आधी तिलाच पिळून तिची चरबी काढावी लागते!

युरोपीय संघाने वेड्या गाईंच्या रोगानंतर, 2001 साली, पशुखाद्यातील प्राणिज प्रथिनांवर बंदी घातली. कीटकांची प्रथिने 2017 मध्ये माशांसाठी आणि 2021 मध्ये कोंबड्या-डुकरांसाठी खुली झाली. मात्र या अळ्यांना शेण वा खरकटे घालण्यास मनाई आहे. म्हणजे अळी परतली, पण उकिरड्यावाचून. रोगाचा धडा घेतलेल्यांची ही सावधगिरी आम्हांस पटते. तरी जिचा जन्मच कुजण्यातून साऱ्यांना पोसण्यासाठी, तिला सोवळ्यात वाढवायचे, हे पाहून हसू येते.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपली म्हण सांगते. आमच्या उकिरड्याला मात्र त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागली. दैना फिटली तेव्हा तो नव्हता आणि आजीही नव्हती. आम्ही अडाणीपण म्हणून जे बुजवले ते ज्ञान होते, एवढे तिला सांगायचे राहून गेले.