परमुलखातील पारख

पालमसारख्या तालुक्याच्या गावी जैन व्यापारी घरांतील मुलांना दोन सवयी लहानपणीच लागतात. दुकानात आलेला माल मुठीत घेऊन, वास घेऊन, दाणा निरखूनच भाव बोलायचा, ही पहिली. आणि ताटात आलेला पदार्थ कशापासून झाला हे कळल्याखेरीज घास उचलायचा नाही, ही दुसरी. तूर, कापूस आणि सोयाबीनच्या आडतीवर वाढलेला असाच एक मुलगा उच्च शिक्षणासाठी स्पेनमधील वालेन्सिया शहरी दोन वर्षे राहिला. निघताना आईने भाजणी, मेतकूट, खाकरे आणि ज्वारीचे पीठ बांधून दिले. तिच्या मनात एकच धास्ती होती: पोरगा उपाशी तरी राहील, नाही तर नियम तरी मोडून येईल.

पहिले काही आठवडे ती धास्ती खरी ठरते की काय असे वाटत होते. स्पेनमध्ये घरोघरी होणारी तोर्तिया बटाटा आणि अंड्याची. बटाट्याला तिकडे ‘पताता’ म्हणतात. परक्या भाषेत ओळखीचा वाटलेला पहिला शब्द नेमका न चालणाऱ्या कंदाचा निघाला. काही नावे फसवीही होती. ‘मांतेका’ म्हणजे लोणी असावे असा त्याचा समज झाला. ती निघाली डुकराची चरबी, आणि तिकडच्या कितीतरी पारंपरिक बिस्किटांत ती असते. ‘आग्वा दे वालेन्सिया’ याचा शब्दशः अर्थ वालेन्सियाचे पाणी. प्रत्यक्षात ते १९५९ साली तेथील एका कॅफेत जन्मलेले, संत्र्याच्या रसातील मद्य आहे.

उन्हाळ्यात सारे शहर ‘ओर्चाता’ पिते. दुधासारखे शुभ्र, गोड, थंडगार पेय. त्यात दूध नाही, अंडे नाही, मद्य नाही. मित्रांनी आपुलकीने पेला पुढे केला. त्याने नुकतेच शिकलेले वाक्य उच्चारले, “दे के एस्ता एचो?” म्हणजे, कशाचे केले आहे? उत्तर आले, चुफाचे. शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावच्या शेतांत हे पीक येते. गवतासारखे रोप आणि त्याच्या मुळाशी जमिनीत धरणाऱ्या लहान गाठी. आपल्याकडील नागरमोथ्याचेच हे भावंड. म्हणजे कंदच. पेला परत गेला. मित्र क्षणभर हिरमुसले, पण कारण ऐकल्यावर त्यांच्यातील एकाच्या आजीने बदामाची ओर्चाता करून पाठवली. बदाम, साखर, पाणी, लिंबाची साल आणि दालचिनी एवढेच तिचे साहित्य. भूमध्य समुद्राच्या त्या काठावर हेही पेय जुनेच आहे. केवळ विचारले म्हणून ते त्याच्यापर्यंत पोहोचले.

मग तो विचारतच गेला. वालेन्सियाचा मध्यवर्ती बाजार १९२८ सालच्या भव्य इमारतीत भरतो. तेथे ला मान्चा पठारावरचे केशर मिळते. ऑक्टोबरच्या अखेरीस पहाटे फुले खुडतात, त्याच दिवशी बायका हातांनी तंतू वेगळे करतात आणि मंद आचेवर सुकवतात. एका फुलात तीनच तंतू. एक ग्रॅम केशरासाठी सुमारे १५० फुले लागतात. देवपूजेतील केशर नेहमी चिमटीनेच का घ्यायचे, हे त्याला तेथे उमगले. अन्यत्र एका विक्रेत्याकडे स्वस्त ‘केशर’ दिसले आणि परभणी जिल्ह्यातल्या या मुलाने ते पाहताक्षणी ओळखले. त्या करडईच्या पाकळ्या होत्या! स्पॅनिश भाषेत करडईला ‘खोटे केशर’ अशा अर्थाचे नावच आहे. खऱ्या केशराचा तंतू पाण्यात हळूहळू रंग सोडतो आणि स्वतः लालच राहतो.

भाषेतही असेच ओळखीचे धागे सापडले. संत्र्याचे ‘नारान्खा’ म्हणजे आपले नारंग, साखरेचे ‘असुकार’ म्हणजे शर्करा. हे शब्द इराणी आणि अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून तिकडे पोहोचले. वालेन्सियाची भातशेती आणि तिचे पाटही अरबांच्याच काळात वाढले.

कसोटीचा खरा प्रसंग आला तो चीजच्या बाबतीत. चीजसाठी दूध साकळवताना वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील द्रव्य वापरतात, हे त्याला ठाऊक होते. विचारपूस करताना एका विक्रेत्याने सांगितले की एस्त्रेमादुरा प्रांतातील मेंढपाळ ‘तोर्ता देल कासार’ आणि ‘ला सेरेना’ ही चीजे रानटी काटेरी फुलाच्या केसरांनी साकळवतात. ते फूल करडईच्याच कुळातले. मुलाला हर्ष झाला. रात्री त्याने घरी फोन लावला. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “किती दिवस ठेवतात?” निदान ६० दिवस, तो म्हणाला. “मग मर्यादेचं काय, बाळा?” आईने एवढेच विचारले. चीज त्याने घेतले नाही. मात्र त्या मेंढपाळांविषयीचा आदर मनात ठेवला.

शेजारच्या वृद्ध बाईंनी त्याला एका रविवारी जेवायला बोलावले. ‘पाएया’ हे मुळात पसरट कढईचे नाव. अस्सल वालेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो, आणि तिथले लोक त्याविषयी फार काटेकोर असतात. बाईंनी स्पष्ट सांगितले की मांसाविना केलेल्या भाताला त्या पाएया म्हणणार नाहीत, तो भाज्यांचा भात. मुलानेही तितक्याच मोकळेपणी आपला नियम सांगितला. काटेकोर माणसाला काटेकोर माणूस लवकर कळतो. त्याने आणलेल्या कोऱ्या कढईत त्यांनी शेंगा, मोठा पांढरा पावटा, आर्टिचोक, टोमॅटो, केशर आणि ऑलिव्हचे तेल घालून भात केला. लसूण नाही, कांदा नाही.

हे जेवण दुपारी दोनला झाले, कारण स्पेनमध्ये मुख्य जेवण दुपारचेच. रात्रीचे मात्र नवाच्या पुढे होते. ग्रीनिचच्या रेषेजवळ असूनही स्पेनची घड्याळे १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतात. त्यामुळे जूनमध्ये वालेन्सियात सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि मित्रांबरोबर सायंभोजन जमते. डिसेंबरात पावणेसहालाच अंधारते. तेव्हा तो मित्रांच्या मैफलीत नुसता बसे. व्रत सूर्याशी बांधलेले असते, घड्याळाशी नाही.

दोन वर्षांनी मुलगा परतला तो नियम राखून, आणि उपाशी न राहता. परदेशी निघालेल्या मुलांना आपण वर्ज्य वस्तूंची यादी देतो, ती हवीच. तिच्याबरोबर तिथल्या भाषेतले ‘हे कशाचे केले आहे?’ हे एक वाक्य, स्वतःची एक कढई आणि दुपारच्या जेवणाचे आमंत्रण आनंदाने स्वीकारण्याची मोकळीकही द्यावी. नम्रपणे विचारणाऱ्या पाहुण्याला कोणत्याही मुलखातील गृहिणी आपले स्वयंपाकघर उघडून दाखवते.