मोटारखान्यांतील लांकडी जमीन

जानेफळच्या आमच्या घरीं मोटार विकल्यावर रिकाम्या मोटारखान्यांत थोरल्या काकांनीं सुतारकाम मांडलें. परंतु काँक्रीटवर तासन् तास उभें राहून त्यांचे गुडघे धरूं लागले. हातून निसटलेल्या पटाशीची धारही जाई. तेव्हां आम्हीं मोठ्या हौसेनें सागाच्या फळ्या भिंतींना घट्ट भिडवून बसविल्या. पहिल्याच पावसाळ्यांत त्या फुगून मधोमध उचलल्या आणि काका अडखळून पडले. सुदैवानें हाड वांचलें. आमची मान मात्र खालीं गेली.

काका रागावले नाहींत. पावसाळा सरल्यावर त्यांनीं फळ्या काढवून काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटविला. दुसऱ्या दिवशीं त्याखालीं दंव जमलें होतें! वरून कोरड्या दिसणाऱ्या काँक्रीटमधूनही जमिनींतील ओल चढत असते. मग आम्हीं जाड प्लास्टिक अंथरून वर रिपा मांडल्या, त्यांवर फळ्या ठोकल्या आणि भिंतींलगत अर्धा इंच जागा सोडली.

“अरे, लांकूड लांबींत फारसें वाढत नाहीं, रुंदींत वाढतें. त्याला जागा ठेवावी,” काका म्हणाले.

यंदाचा पावसाळा निर्विघ्न गेला. एका छपराखालीं राहणाऱ्या आम्हां सर्वांनाच तें अर्ध्या इंचाचें शहाणपण हवें, असें आतां वाटतें.